जवळचा नातेवाईक: अनिवार्य

नव्या संगणकप्रणालीला माणूस एकटा असू शकतो, हे मान्य नव्हतं.

बाकी तिला पुष्कळ गोष्टी मान्य होत्या. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसं मान्य होती. त्यांच्यासाठी एक जानेवारी राखून ठेवलेली होती. पत्ता नसलेली माणसं मान्य होती. त्यांना ‘रुग्णालयासमोर’ राहायची मुभा होती. उंची आणि वजन यांची अदलाबदल झाली तरी ती हूं की चूं करत नसे, त्यामुळे बासष्ट सेंटिमीटर उंचीची आणि एकशेसत्तर किलो वजनाची बरीच माणसं शहरात सुखाने नांदत होती. पण ‘जवळचा नातेवाईक’ या रकान्यापुढे एक लाल चांदणी होती. तो रकाना आणि त्याखालचा मोबाइल नंबर भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे, पुढचं पान उघडल्याशिवाय केसपेपर निघत नसे, आणि केसपेपर निघाल्याशिवाय सरकारी दवाखान्यात माणूस आजारी आहे असं कुणी धरत नसे. मग तो खिडकीसमोर आडवा का पडलेला असेना.

नातं हाताने लिहायचं नव्हतं, यादीतून निवडायचं होतं. यादीत पती होता, पत्नी होती, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, सून, जावई, एवढंच काय, साडूसुद्धा होता. ‘कोणी नाही’ नव्हतं. ‘इतर’ही नव्हतं. ही यादी ज्याने केली तो भरल्या घरातला असावा, किंवा एकट्याने राहून राहून त्याची कल्पनाशक्ती वाढलेली असावी.

केसपेपरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळा दवाखाना केसपेपरबाई म्हणत असे. पन्नाशीचा उंबरठा ओलांडून त्या दोन पावलं आत आल्या होत्या. लग्न झालं नव्हतं. ते का झालं नाही हे विचारणारी माणसंही एकेक करून वर गेली होती. आईबरोबर दोन खोल्यांत राहत. आई गेल्यावर खोल्या दोनच राहिल्या, पण मोठ्या झाल्या. आईच्या पश्चात बाईंचा फोन कर्ज घ्या म्हणणाऱ्यांखेरीज कुणासाठी वाजत नसे. कर्ज देणारी मुलगी एकदा फार गोड बोलली म्हणून बाईंनी तिला जवळजवळ होकार दिला होता.

प्रणाली सुरू झाली त्या आठवड्यात खिडकीशी एक म्हातारे शिंपी आले. गळ्यात माप घ्यायची टेप होती. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली तरी ती काढायची राहून गेली होती.

“काका, जवळचं कोण?”

“कशाच्या जवळचं?”

“तुमच्या. मुलगा, मुलगी?”

“नाही.”

“बायको?”

“होती. आता वर असते.”

“वरच्या मजल्यावर?”

“त्याच्याही वर.”

“बरं, शेजारी कुणी?”

“शेजाऱ्याशी कोर्टात चालू आहे.”

“मग एखादा मित्र?”

“तोच तो शेजारी.”

मागची रांग दारातून बाहेर पायऱ्यांवर उतरली होती. “बाई, खानेसुमारी नंतर करा!” असं कुणीतरी ओरडलं. बाईंनी शिंपीकाकांकडे पाहिलं, लाल चांदणीकडे पाहिलं, आणि नंबराच्या जागी स्वतःचा नंबर घातला. यादी उघडली ती नेमकी ‘सून’ या शब्दावर येऊन थांबली. बाईंनी बटण दाबलं. अशा रीतीने, ज्यांना मुलगा नव्हता त्या शिंपीकाकांना सून मिळाली, आणि ज्यांना नवरा नव्हता त्या केसपेपरबाईंना सासर.

पाप एकदा केलं की त्याची सवय होते म्हणतात. परोपकाराचंही तसंच असावं. आठवड्यातून दोनतीन तरी माणसं अशी यायची, की ‘जवळचं कोण?’ म्हटल्यावर मान वळवून मागे बघायची, जणू कुणीतरी आत्ता आत्तापर्यंत होतं. बाई मुकाट्याने आपला नंबर घालायच्या. दोन वर्षांत त्या शंभरावर लोकांच्या मुलगी, बहीण, सून झाल्या. घाईच्या वेळी काहींच्या आईही झाल्या. त्यातले एक गृहस्थ नव्वदीचे होते.

आता प्रणाली म्हटलं तर बिचारी कर्तव्यदक्ष होती. ती नातेवाइकाला संदेश पाठवायची. ‘आपले सासरे यांची रक्ततपासणी उद्या सकाळी. रुग्णास उपाशीपोटी आणावे.’ ‘आपली बहीण यांचा एक्स-रे तयार आहे.’ ‘आपला मुलगा (वय ९१) यांनी गोळ्या नेलेल्या नाहीत.’ बाईंना ते निरोप पोचवणं भागच होतं. संध्याकाळी घरी आल्या, तोंडावर पाणी मारलं, की त्या खाटेच्या कडेला बसून एकेकाला फोन लावत.

“काका, उद्या उपाशीपोटी यायचंय.”

“आजही उपाशीच आहे.”

“का?”

“गॅस संपलाय. नवीन उद्या येणार.”

“मग आज काय खाणार?”

“तोच विचार करत होतो, तेवढ्यात तुमचा फोन आला. आता विचारात खंड पडला.”

असं एकेक बोलणं लांबत जाई. कुणाला औषधाची वेळ समजावून सांगावी लागे, कुणाला औषध कशाला घ्यायचं तेच. झेरॉक्सचं दुकान चालवून म्हाताऱ्या झालेल्या एक मावशी होत्या; त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची खोड होती, एक अस्सल आणि एक प्रत. तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते फोन उचलल्याबरोबर “कोण? कुठून? कशासाठी?” असं विचारत आणि तिन्हींची उत्तरं बरोबर आली तरच पुढे बोलू देत.

“नुसती कटकट आहे हो,” बाई दुपारी औषधाच्या खिडकीतल्या फार्मासिस्टला सांगत. “दिवसभर इथे मरा, संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा फोनवर मरा.”

“मग नंबर बदला की.”

“बघू.”

दवाखान्यातून निघायच्या आधी मात्र त्या फोन पूर्ण चार्ज करून घेत.

हे असंच चाललं असतं. पण मुख्यालयातल्या संगणकाने एक दिवस हिशेब केला, आणि त्याच्या असं लक्षात आलं, की शहरात एक घर असं आहे, जिथे एकाच फोनवर शंभरावर माणसं आजारी आहेत. त्यांत मधुमेह आहे, दमा आहे, संधिवात आहे, आणि मोतीबिंदू तर जवळजवळ सगळ्यांना आहे. संगणकाने यातून जो काढायचा तो निष्कर्ष काढला: पाणी दूषित आहे.

रविवारी सकाळी बाईंच्या दारावर तिघेजण उभे राहिले. एक आरोग्य अधिकारी मॅडम, एक पाण्याच्या बाटल्या घेतलेला माणूस, आणि एक डास पकडायची नळी घेतलेला. तिघांनी तोंडाला मास्क लावलेले होते.

“घरात माणसं किती?” मॅडमनी विचारलं.

“एक.”

“आत्ता नव्हे हो. एकूण.”

“एकूणच एक.”

मॅडमनी हातातल्या टॅबलेटकडे पाहिलं, मग बाईंच्या मागे खोलीत पाहिलं. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. टेबलावर एक ताट पालथं घातलेलं.

“इथे तर तुम्हाला सात सासरे दिसतायत.”

“हो.”

“आणि नवरे चार.”

“ते घाईत झालं असेल,” बाई म्हणाल्या.

डासवाला हसला, मॅडमनी बघितल्यावर खोकला. पाण्यावाल्याने मधल्या काळात नळ उघडून बाटली भरली होती. आणलेली बाटली रिकामी परत न्यायची नाही, असा त्याच्या खात्याचा नियम होता.

बाईंनी चहा टाकला. फळीवरचे चार कप काढले, धुतले, पुसले. आई गेल्यापासून चार कप एकदम खाली उतरले नव्हते. त्यांतल्या एकाचा कान कधी तुटला तेही बाईंना आत्ताच कळलं. तो त्यांनी स्वतःकडे घेतला. मग चहा पिता पिता सगळं सरळ सांगून टाकलं: चांदणी, यादी, रांग, शिंपीकाका.

“अहो, पण हे बेकायदेशीर आहे,” मॅडम म्हणाल्या.

“हो ना.”

“चहात आलं आहे का?”

“थोडं. घ्या ना अजून.”

तिघेही बराच वेळ बसले. डासवाल्याने आपल्या सासूच्या गुडघ्यांबद्दल विचारून घेतलं. ते उठले तेव्हा बाईंनी “या हं परत” असं म्हटलं. साथीच्या तपासाला आलेल्या पथकाला हे वाक्य बहुधा प्रथमच ऐकायला मिळालं असेल. पुढे लेखी अहवाल आला: पाणी पिण्यास योग्य आहे.

अहवाल गोड असला तरी प्रकरण वर गेलंच. पुढच्या सोमवारी अधीक्षकांनी बाईंना बोलावलं. अधीक्षक डॉक्टर होते, पण इतकी वर्षं खुर्चीवर होते, की त्यांना आता फक्त कागदांची नाडी कळत असे. शेजारी प्रणाली बसवणाऱ्या कंपनीचा माणूस बसला होता. तिशीतला, डोळ्यांखाली काळं, पाठीवर बॅग. ती बसल्यावरही तो काढत नसे. काहीही बिघडलं तरी “सर्व्हरकडून आहे” असं सांगायचा म्हणून दवाखाना त्याला सर्व्हरसाहेब म्हणे.

“बाई, तुम्ही चांगल्या मनाने केलं असेल,” अधीक्षक म्हणाले. “पण चांगल्या मनासाठी रकाना नाही.”

“‘कोणी नाही’ एवढा एक पर्याय घाला साहेब. मग मी कशाला मध्ये येते?”

अधीक्षकांनी सर्व्हरसाहेबाकडे पाहिलं. सर्व्हरसाहेबाने छताकडे पाहिलं.

“मॅडम, ‘कोणी नाही’ मूळ करारात नाही,” तो म्हणाला. “नवीन घालायचं तर तसा प्रस्ताव, मग समिती, मग निविदा. दीडदोन वर्षं धरा.”

“कोणी नसायला मंजुरी लागते?”

“संगणकात नसायला लागते. बाहेर तुम्ही बघा.”

नियम असा ठरला. येत्या महिनाअखेर प्रणालीचं शुद्धीकरण होणार. त्यात कर्मचाऱ्यांच्या नावावरचे सगळे नंबर पुसले जाणार. ज्या रुग्णाचा रकाना रिकामा राहील त्याची नोंद कुलूपबंद होणार. कुलूपबंद नोंदीला औषध मिळत नाही.

“त्यांनी आपापले नातेवाईक आणावेत,” अधीक्षक म्हणाले. “कुणी ना कुणी असतंच हो. आकाशातून थोडंच पडतं माणूस?”

“पडत नाही,” बाई म्हणाल्या. “पण कधीकधी सगळे निघून जातात, आणि माणूस मागे राहतो.”

यावर अधीक्षकांनी एका कागदावर सही केली. तो कागद कसला होता हे त्यांनाही ठाऊक नसावं.

दुपारी फार्मासिस्ट म्हणाला, “सोप्पं आहे. बहिणीच्या नावावर दुसरं सिम घ्या.”

“बहीण कुठून आणू?”

“अरे हो. आडातच नाही.” तो जरा वेळ गोळ्यांची पट्टी कातरत राहिला. “पण बाई, तुमचं तर बरंच झालं की. सुटलात कटकटीतून.”

“सुटले ना,” बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदा फोन कुणालाच लावला नाही. गोष्ट अगदी साधी होती. काहीच केलं नाही, तर महिनाअखेर शंभरावर माणसांचं औषध तुटेल. काही केलं, तर ते औषध चालू राहील. दोन्हींत बाईंचा फोन मात्र गप्प होईल. म्हणजे त्यांच्यापुरता प्रश्न सुटलेलाच होता. फक्त तो सुटल्याचा आनंद कुठे व्हावा ते कळत नव्हतं.

मग त्यांना एकदम सुचलं. प्रत्येकाला एक नंबर हवा. प्रत्येकाकडे एक नंबर आहे. तो स्वतःचा चालत नाही, एवढीच अडचण, दुसऱ्याचा चालतो. आणि दुसरे भरपूर होते.

दुसऱ्या दिवसापासून केसपेपरबाईंनी सोयरिकी जुळवायला घेतल्या. लग्न जुळवणाऱ्यांना निदान वय, पगार आणि उंची विचारता येते. बाईंकडे रक्तदाब आणि साखर होती. तेवढ्यावर त्यांनी निभावलं. सकाळचा साखरवाला साखरवालीला दिला, म्हणजे दोघं एकाच दिवशी तपासणीला येतील. ऐकू न येणारे एकमेकांना दिले, म्हणजे कुणी ओरडल्याचा राग येणार नाही.

“मावशी, तुम्हाला एक भाऊ दिला तर चालेल का?” त्यांनी झेरॉक्सवाल्या मावशींना विचारलं.

“कसला भाऊ? कसला भाऊ?”

“शिंपीकाका म्हणून आहेत. स्वभाव जरा तिरका आहे.”

“म्हणजे खरोखरच भाऊ वाटेल.”

“की दीर लिहू?”

“दीर नको गं बाई! दिरांचं बघितलंय मी. भाऊच लिही. भाऊच लिही.”

शिंपीकाकांचं म्हणणं वेगळं होतं. “बहीण चालेल. पण ती माझ्या शेजाऱ्याशी बोलता कामा नये.”

“त्या तुमच्या शेजाऱ्याला ओळखतच नाहीत.”

“आज ओळखत नसेल. बायकांचा काय भरवसा.”

तिकीट तपासनीस काही केल्या ऐकेनात. “नातेवाईक नकोत. होते तेव्हा पुरेसे झाले.”

“काका, नातं नको. नुसता नंबर द्या.”

“कोणाला? कुठला? कशासाठी?”

शेवटी त्यांच्याचसारखे एक हेडमास्तर सापडले. त्यांनाही कुणी नको होतं. दोघांनी एकमेकांना जन्मात कधी फोन करायचा नाही, या अटीवर नातं कबूल केलं. बाईंनी यादीतून ‘भाऊ’ निवडलं. असे भाऊ घरोघर असतात.

दिवस भरत आले तशी बाईंची धांदल वाढली. आता फोन निरोपांसाठी नव्हते. आता एकेक फोन अर्धा अर्धा तास चाले. ज्याला नंबर द्यायचा त्याचं वर्णन करावं लागे, ज्याचा घ्यायचा त्याची समजूत काढावी लागे. कधी नव्हे एवढं बाई त्या दिवसांत बोलल्या. घसा बसला. प्रत्येक जोडी जुळली, की त्या त्या दोन नोंदींतून आपला नंबर स्वतःच्या हाताने पुसत आणि नवा घालत. संगणक दर वेळी विचारायचा: ‘हे नाते कायमचे काढून टाकायचे? होय / नाही.’ दर वेळी त्या ‘होय’ म्हणायच्या. सुरुवातीला थोडा वेळ लागे. पुढे बोट आपोआप तिकडे जाऊ लागलं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी सर्व्हरसाहेब खिडकीशी आला. मागच्या बाजूने, पाठीवर बॅग घेऊन. बाईंना वाटलं, आता हा काहीतरी खोडा घालणार.

“मॅडम, मी लॉग बघितले,” तो म्हणाला. “तुम्ही काय करताय ते दिसतंय मला.”

“नियमात आहे ना?”

“नियमात आहे.” तो तसाच उभा राहिला. “एक विचारायचं होतं. माझ्या आईसाठी कुणी मिळेल का? ती आमच्या गावी असते. एकटीच. रकान्यात माझा नंबर आहे, पण मी... फोन बहुतेक सायलेंटवर असतो. कामामुळे.”

“साखर आहे का त्यांना?”

“नाही. गुडघे.”

“आवाज?”

“मोठा.”

“बघते,” बाई म्हणाल्या. “पण तुमचा नंबर काढू नका. दुसरा म्हणून घाला.”

“दुसऱ्याला रकाना नाही मॅडम.”

“मग निविदा काढा.”

तो हसला नाही. फोन काढून बघत बघत निघून गेला. जाता जाता त्याने तो सायलेंटवरून काढला की नाही, हे बाईंना दिसलं नाही.

शुद्धीकरण झालं. एकही नोंद कुलूपबंद झाली नाही. मुख्यालयाचा अहवाल आला, त्यात या दवाखान्याचं नाव पहिलं होतं: ‘नातेवाईक नसलेले रुग्ण: शून्य.’ अधीक्षकांनी सगळ्यांना सभागृहात बोलावून तो वाचून दाखवला. “या शहरात आता एकही माणूस एकटा नाही,” असं ते म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या. केसपेपरबाईंनीही वाजवल्या.

पहिले काही दिवस फोन येत होते. तक्रारींचे.

“तुम्ही दिलेला हा भाऊ,” झेरॉक्सवाल्या मावशी म्हणाल्या, “रोज सकाळी फोन करून विचारतो, ‘आहेस का?’ असं कुणी विचारतं का? असं विचारतं का कुणी?”

“मग काय विचारावं?”

“‘कशी आहेस’ विचारावं. उत्तर तेच असतं, पण बरं वाटतं.”

कुणी म्हणे, माझी बहीण मेसेज आला तरी सांगत नाही, स्वतःच वाचते. कुणी म्हणे, माझा मुलगा माझ्यापेक्षा मोठा आहे आणि मला ‘बाळा’ म्हणतो, त्याला समज द्या. एकांनी तर नातेवाईक बदलून मिळेल का, अशी विचारणा केली. बाईंनी सांगितलं, की तशी सोय अजून कुणालाच मिळालेली नाही. या तक्रारी त्या मन लावून ऐकत. काहींच्या तक्रारी सुटूही नयेत असं त्यांना वाटे.

पण तक्रारीही संपल्या. माणसं एकमेकांना सरावली, किंवा त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. नात्यात यापलीकडे तिसरं काही होत नाही. खिडकीशी ती येत, तेव्हा आता जोडीने येत. जोडीतला एकजण रांगेत उभा राही, दुसरा बाकावर पिशवी धरून बसे. “काय बाई, बरं ना?” म्हणत आणि उत्तर येईपर्यंत पुढे सरकलेले असत. रांगेचा धर्म आहे तो. त्यांचा दोष नाही.

बाई घरी येत. तोंडावर पाणी मारत. खाटेच्या कडेला बसत. फोन टेबलावर, स्क्रीन दिसेल असा ठेवत. एकदा त्यांना शंका आली, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

“रिंग वाजत नाही वाटतं याची.”

दुकानदाराने आपल्या फोनवरून नंबर लावला. बाईंचा फोन खणखणीत वाजला. गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

“चांगला आहे की,” दुकानदार म्हणाला. “कुणी करत नसेल.”

“हो, तेच असेल,” बाई म्हणाल्या, आणि किती झाले विचारलं. तो म्हणाला, याचे काय घ्यायचे.

तो दुकानदाराचा नंबर त्यांच्या फोनमध्ये बरेच दिवस सगळ्यात वर राहिला.

मग एका संध्याकाळी त्यांनी ताट वाढून घेतलं, आणि पहिला घास घ्यायच्या आधी झेरॉक्सवाल्या मावशींना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पलीकडून “कोण?” आल्यावर जिभेवर जे होतं तेच बाहेर पडलं.

“मावशी, उद्या उपाशीपोटी यायचंय.”

“मी? मी? उद्या तर माझं काही नाही.”

“नाही? बघते हं. इथे तसं दिसतंय.”

“याच्या फोनवर मेसेज आला असता की. थांब, विचारते याला. इथेच आहे. संध्याकाळचा इथेच जेवतो हल्ली, तेवढाच याचा गॅस वाचतो. अहो! अहो ऐकलंत का!”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. लाकडावर असावा.

“मेसेज आलाय का तुमच्याकडे? केसपेपरबाई म्हणतायत, उद्या उपाशी.”

“काही नाही आलेला. परवाच तर रक्त दिलं. किती काढतील?”

“मग त्या का म्हणतायत?”

“जुन्या यादीवरून करत असतील. विसरल्या असतील, की आता मेसेज माझ्याकडे येतो.”

“बिचारी.”

“मीठ कुठाय?”

“मीठ नाही मिळायचं. बीपी बघितलंय का स्वतःचं?”

“माझं बीपी तुझ्यामुळे आहे. मिठाचा काय संबंध?”

“माझ्यामुळे? माझ्यामुळे? दोन महिने झाले मला तुमच्या रकान्यात येऊन, आणि बीपी वीस वर्षांचं!”

“वीस वर्षं तो शेजारी होता. आता तू.”

मावशी फोनकडे परत यायच्या विसरल्या होत्या. भांडी वाजत होती. कुणीतरी खुर्ची ओढली. बाईंनी जरा वेळ वाट पाहिली. “मावशी,” असं एकदा अगदी हळू म्हटलंही, ऐकू जाणार नाही इतपत. मग त्यांनी फोनचा स्पीकर लावला आणि तो ताटाच्या पलीकडे, पाण्याच्या भांड्याला टेकवून उभा केला.

“ही भाजी कालचीच आहे.”

“आजची आहे.”

“चव कालचीच आहे.”

“मग काल गप्प का होतात? काल तर दोनदा घेतलीत.”

बाई जेवू लागल्या. घास लहान लहान घेत होत्या. मधूनच शिंपीकाका काहीतरी म्हणाले आणि मावशी हसल्या. ते काय ते नीट कळलं नाही, पण बाईही हसल्या. भाजी संपली तेव्हा त्यांनी पातेल्यातून आणखी घेतली. डाव पातेल्याला लागू नये म्हणून तो दुसऱ्या हाताने धरला. नाहीतर एवढ्याशा आवाजाने त्या दोघांना आठवण व्हायची, की फोन चालू आहे.